जमिनीखाली सोडलेलं घातक सांडपाणी आणि आपल्या बोअरचं पाणी : देखरेख नक्की कोण ठेवतं?

निळाई | ४ मार्च, रात्री १०:१२

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याजवळच्या एका राज्यात आम्ही नऊ वर्षं राहतोय. घर गावाबाहेर आहे, नळाचं पाणी इथवर येत नाही. परसात २२० फुटांची बोअर आहे. प्यायला, स्वयंपाकाला, सगळ्याला तेच पाणी.

दोन आठवड्यांपूर्वी रस्त्यापलीकडचे शेजारी एक नोटीस घेऊन आले. आमच्यापासून साधारण अडीच मैलांवर एक रासायनिक कारखाना आहे. त्याच्या आवारात घातक सांडपाणी जमिनीत खोल सोडायची विहीर आहे आणि तिच्या परवान्याचं नूतनीकरण व्हायचंय. हरकती नोंदवायला ३० दिवस. नऊ वर्षांत मला या विहिरीचा पत्ता नव्हता. शेजाऱ्यांचा जन्म इथलाच, त्यांनाही नव्हता.

तेव्हापासून मुलं झोपली की मी नियम वाचत बसते. मला समजलं ते असं. १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्याने जमिनीखाली सोडल्या जाणाऱ्या द्रवांवर लक्ष ठेवायचं काम ईपीए या संघराज्याच्या पर्यावरण संस्थेकडे दिलं. अशा विहिरींचे सहा वर्ग आहेत. कारखान्यांचं सांडपाणी अगदी खोल सोडणाऱ्या विहिरी पहिल्या वर्गात येतात. त्या देशभरात ८०० च्या आसपास असून त्यातल्या थोड्याच 'घातक' कचऱ्याच्या आहेत, बहुतेक टेक्सास आणि लुइझियानात. दुसरा वर्ग तेल-वायू उद्योगाचा, जवळपास १,८०,००० विहिरी. पिण्याच्या पाण्याच्या थरात किंवा त्याच्याही वर घातक कचरा सोडणारा चौथा वर्ग १९८४ पासून बंद आहे, दूषित भूजल साफ करण्यापुरता अपवाद सोडून.

त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घातक कचरा प्रक्रियेविना जमिनीत टाकण्यावर बंदी आणली. तरीही खोल विहिरीत सोडायचा असेल तर कारखान्याने ईपीएला पटवून द्यावं लागतं की तो १०,००० वर्षं त्या थरातून हलणार नाही, किंवा हलेपर्यंत घातक राहणार नाही. हा आकडा मी तीनदा वाचला.

आता माझी खरी काळजी. आमच्या कुंपणापलीकडच्या गवतात एक जुना लोखंडी पाइप जमिनीतून वीतभर वर आलाय. तोंडाशी गंजून पापुद्रे सुटलेत आणि कुणीतरी कधीकाळी वर सपाट दगड ठेवलाय. परवा मुलगा म्हणाला, "आई, यात खडा टाकला की तळ लागल्याचा आवाजच येत नाही." मी स्वतः टाकून पाहिला. कडांना आपटत जाणारा आवाज विरत विरत गेला. मनात वीस मोजले. नंतर काहीच नाही.

त्या विहिरीचा आणि या पाइपाचा काही संबंध असू शकतो का? या क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

कातळ | ४ मार्च, रात्री ११:४७

निळाई, सर्वांत आधी मुलांना त्या पाइपापासून लांब ठेवा. वाकून आत बघू नका, जवळ आग नको, आणि माती-दगड टाकून बुजवायचा प्रयत्न तर मुळीच नको. जुन्या तेलविहिरीतून मिथेन येतो, कधी हायड्रोजन सल्फाइडही. हा दुसरा फार वाईट. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो.

मी बावीस वर्षं अशा विहिरींच्या बांधणीत आणि चाचण्यांत काढली आहेत. पहिल्या वर्गाची विहीर म्हणजे एकात एक घातलेले पाइप. बाहेरचं केसिंग, म्हणजे भोकाला आतून आधार देणारा पोलादी पाइप, पिण्याच्या पाण्याच्या थरांच्या खालपर्यंत जातं आणि त्याच्या बाहेरून वरपर्यंत सिमेंट भरतात. त्याच्या आत दुसरं लांब केसिंग, थेट कचऱ्याच्या थरापर्यंत. त्याच्या आत एक नळी, तिच्यातून कचरा खाली जातो. नळीच्या बुडाशी पॅकर, म्हणजे बूच. नळी आणि केसिंग यांच्यामधल्या पोकळीत निरुपद्रवी द्रव भरून त्याचा दाब आतल्या कचऱ्याच्या दाबापेक्षा जास्त ठेवतात. कारण साधं आहे. नळीला भोक पडलं तर कचरा बाहेर न येता पोकळीतला द्रव आत शिरतो आणि दाबमापकाचा काटा पडतो. घातक कचऱ्याच्या विहिरीला हा दाब चोवीस तास नोंदवावा लागतो, धोक्याची घंटा आणि आपोआप बंद होणारी यंत्रणा लावावी लागते. दाबाची चाचणी आणि बुडाच्या सिमेंटची किरणोत्सारी द्रव्याने केलेली चाचणी दरवर्षी, तापमान किंवा आवाजाची नोंद निदान पाच वर्षांतून एकदा. अहवाल दर तिमाहीला.

माझा अनुभव असा की खडक सहसा दगा देत नाही, दगा देतं ते भोक. कचऱ्याच्या थरावर हजारो फूट शेल, म्हणजे पाणी सहज न जाऊ देणारा घट्ट खडक, असेल, पण त्यातून आरपार गेलेलं एक जुनं, नीट न बुजवलेलं भोक असलं की द्रवाला वर यायला जिना तयार. खाली दाब वाढला की तो जिना वापरला जातो. द्रव म्हणजे दर वेळी कारखान्याचा कचराच असतो असं नाही. बऱ्याचदा ढकललं जातं ते तिथलंच खारट पाणी.

म्हणूनच परवाना मागताना विहिरीभोवती किमान २ मैलांच्या वर्तुळातली माहीत असलेली सगळी जुनी भोकं शोधून द्यावी लागतात आणि जी नीट बुजवलेली नाहीत त्यांचं काय करणार तेही सांगावं लागतं. आता तुमचा प्रश्न. तो पाइप कारखान्याच्या विहिरीपासून नक्की किती अंतरावर आहे?

निळाई | ५ मार्च, सकाळी ७:०५

नकाशावर मोजलं. २.३ मैल.

कातळ | ५ मार्च, सकाळी ७:३१

म्हणजे त्या वर्तुळाच्या बाहेर. ऑफिसला चाललोय, संध्याकाळी सविस्तर लिहितो. पण एक आत्ताच सांगतो. २ मैल ही किमान मर्यादा आहे. दाबाचा परिणाम जास्त लांब पोचतो असं दिसलं तर मोठं वर्तुळ ठरवायचा अधिकार परवाना देणाऱ्याला नियमाने दिलेला आहे. हे कुठेतरी लिहून ठेवा.

सृजा | ५ मार्च, दुपारी १:२०

धागा वाचून सुन्न झाले. माझा प्रश्न मुळातला आहे. 'पिण्याच्या पाण्याचा थर' कुठला हे कोण ठरवतं? खाली एक मैलावर पाणी असेल आणि आज ते कुणी पीत नसेल, तर त्याला संरक्षण आहे की नाही?

वाटसरू | ५ मार्च, दुपारी ३:०२

सृजा, व्याख्या ईपीएच्या नियमांतच आहे आणि ती चांगली उदार आहे. लिटरला १०,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेला, पुरेसं पाणी देऊ शकणारा थर संरक्षित. ईपीए पिण्याच्या पाण्यासाठी ५०० सुचवते, समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास. म्हणजे आज खारट लागणारं, पण उद्या शुद्ध करून प्यावं लागेल असं पाणीही राखून ठेवलंय. १९७० च्या दशकात ज्यांनी हा आकडा घातला त्यांना मी मनापासून धन्यवाद देतो.

पण त्याच नियमांत सूट द्यायची वाटही आहे. हा थर आज कुणी वापरत नाही आणि पुढेही, उदाहरणार्थ त्यात तेल-खनिज असल्यामुळे, वापरणार नाही, असं दाखवलं की तो थर संरक्षणातून वगळता येतो.

या वाटेवर काय होतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. तिथे राज्याला दुसऱ्या वर्गाच्या विहिरींवर देखरेखीचे अधिकार १९८० च्या दशकात मिळाले. त्या वेळच्या कराराच्या दोन प्रती निघाल्या आणि कुठले थर सूट दिलेले आहेत याच्या याद्या दोन्हींत सारख्या नव्हत्या. राज्य एक यादी धरून चाललं होतं. तीस वर्षं लोटल्यावर लक्षात आलं की कितीतरी विहिरी संरक्षित थरांत सांडपाणी सोडतायत. २०१४ च्या जुलैत त्यातल्या ११ विहिरी तातडीने बंद करायचे आदेश निघाले. यात तांत्रिक चूक कुठेच नव्हती. पाइप शाबूत, सिमेंट शाबूत, दाब बरोबर. कागदावरच्या यादीत घोळ होता आणि तीस वर्षांत दोन प्रती शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत.

अनाहत | ५ मार्च, सायं. ५:४४

मी स्पष्टच बोलतो. हा प्रकारच बंद व्हायला हवा. जे आपल्याला नष्ट करता येत नाही ते पाण्याच्या खाली ढकलून द्यायचं आणि १०,००० वर्षांची हमी संगणकावर काढायची, याला मी सुरक्षितता म्हणणार नाही. माणसाला लिहिता यायला लागून जेमतेम ५,००० वर्षं झाली आहेत.

पाऊलखुणा | ५ मार्च, रात्री ९:१५

एक जुनी हकीकत सांगते, दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारी.

कोलोरॅडोत डेन्व्हरच्या बाहेर रॉकी माउंटन आर्सेनल नावाचा लष्कराचा कारखाना होता. आधी रासायनिक शस्त्रं, मग कीटकनाशकं. सुरुवातीला सांडपाणी उघड्या तळ्यांत साठवत. ते मातीतून झिरपलं आणि १९५० च्या दशकात आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पिकं त्यांच्याच विहिरींच्या पाण्याने जळायला लागली. मग डांबराचं अस्तर लावलेलं तळं केलं. ते पुरेना, म्हणून १९६१ मध्ये १२,०४५ फूट खोल विहीर खणली. मार्च १९६२ मध्ये त्यात सांडपाणी सोडायला सुरुवात झाली आणि एप्रिलपासून डेन्व्हरला भूकंपाचे हादरे बसायला लागले.

डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने १९६५ च्या नोव्हेंबरात एक आलेख लोकांसमोर ठेवला. वरच्या भागात दर महिन्याचे हादरे, खालच्या भागात दर महिन्याला सोडलेलं सांडपाणी. दोन्ही रेघा बरोबरीने चढत होत्या, बरोबरीने उतरत होत्या. त्यानंतर तीन महिन्यांत, फेब्रुवारी १९६६ मध्ये, पंप बंद झाला. सर्वांत मोठा हादरा मात्र पंप बंद झाल्यावर दीड वर्षाने, ऑगस्ट १९६७ मध्ये बसला. जमिनीत शिरलेला दाब वरचा पंप बंद केला म्हणून लगेच थांबत नाही, तो पुढे सरकत राहतो.

त्या आलेखातले सांडपाण्याचे आकडे कारखान्याकडेच होते आणि हादऱ्यांचे आकडे भूकंपमापन केंद्राकडे. कुणीतरी दोन्ही एका कागदावर आणायची तेवढी खोटी होती.

कातळ | ५ मार्च, रात्री १०:३८

पाऊलखुणा, धन्यवाद. अनाहत, तुमच्या रागाचा मी आदर करतो, पण याच हकीकतीचा पहिला भाग परत वाचा. उघड्या तळ्यांनी शेतकऱ्यांच्या विहिरी नासवल्या. कचरा तयार होत असेल तोवर तो कुठेतरी जाणारच. जाळला तर हवेत आणि राखेत, तळ्यात ठेवला तर उथळ भूजलात. नियम धरून बांधलेली खोल विहीर या सगळ्यांत मला कमी धोक्याची वाटते. मी स्वतः ज्या चाचण्या केल्या त्यांत गळती सापडली ती बहुतेक वेळा नळीची, आणि ती पोकळीच्या दाबावरून तिथल्या तिथे कळली.

नियम नसताना काय होतं तेही इतिहासात आहे. १९६८ मध्ये पेनसिल्वेनियात इरी इथे एका कागद गिरणीची विहीर फुटून सांडपाणी वर उसळलं. तेव्हा संघराज्याचा कायदा नव्हता. आजचे कडक नियम अशाच घटनांतून आले.

अनाहत | ६ मार्च, सकाळी ८:५०

कातळ, शांतपणे उत्तर देतो. तुम्ही म्हणता खडक दगा देत नाही. दक्षिण फ्लोरिडात शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पहिल्या वर्गाच्याच विहिरींतून खोल सोडतात. ते वर सरकणार नाही असं गृहीत धरलेलं होतं. कित्येक ठिकाणी सरकलं, पिण्यालायक थराच्या दिशेने. मग २००५ मध्ये नियमच बदलला. आधी जास्त शुद्धीकरण करत असाल तर सरकलं तरी चालेल, असा. तिथे चुनखडीचा खडक आहे, भेगाळ, हे मला माहीत आहे. पण परवाना देतानाही तो चुनखडीचाच होता.

दुसरं उदाहरण तुमच्या भोकाच्या सिद्धांताचंच आहे. इलिनॉयमध्ये डिकेटर इथे सहाव्या वर्गाची विहीर आहे, कार्बन डायऑक्साइड खोल साठवायची. देशातली पहिली मोठी. २०२४ मध्ये तिथे सुमारे ५,००० फुटांवर गळती निघाली आणि ऑगस्टमध्ये ईपीएने नियमभंगाची नोटीस काढली. गळती झाली होती देखरेखीच्या विहिरीत! वायू कुठे जातोय हे पाहायला जे भोक पाडलं होतं, त्याचंच पोलाद खाल्लं गेलं होतं. पिण्याच्या पाण्यापर्यंत काही पोचलं नाही, हे खरं आणि ते सांगायलाच हवं. पण त्या भागात महोमेट नावाचा जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा थर, आहे, पाच लाखांहून जास्त लोकांचं पाणी. लोकांनी धरून ठेवलं आणि २०२५ मध्ये त्या राज्याने या जलधराच्या भागात असा वायू साठवायला बंदी घालणारा कायदा केला.

कातळ | ६ मार्च, सकाळी ११:१०

डिकेटरबद्दल तुमचं म्हणणं मान्य. फ्लोरिडाबद्दलही. माझं वाक्य दुरुस्त करतो : घट्ट शेलचं झाकण असेल तिथे खडक सहसा दगा देत नाही. झाकण आहे की नाही हे आधी तपासायचं असतं, आणि ते तपासणारा माणूस अर्जदाराच्या पगारावर नसावा.

वाटसरू | ६ मार्च, दुपारी २:२६

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. अशी माणसं आहेत किती? या कायद्यात बहुतेक अधिकार राज्यांना सोपवलेले आहेत आणि ते राबवायला संघराज्याकडून सगळ्या राज्यांना मिळून मिळणारं अनुदान वर्षानुवर्षं १ कोटी डॉलरच्या आसपास घुटमळलंय. दुसऱ्या वर्गाच्याच विहिरी पावणेदोन लाखांवर. भागाकार करून बघा.

अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने २०१४ मध्ये दुसऱ्या वर्गाच्या देखरेखीचा अभ्यास केला आणि २०१६ मध्ये पुन्हा. निष्कर्ष थोडक्यात : राज्यांचं काम नीट चाललंय का हे ईपीए सगळीकडे नियमितपणे तपासत नव्हती, आणि राज्यांकडून येणारी माहिती देशपातळीवर एकत्र करता येईल इतकी पुरी आणि एकसारखी नव्हती.

आणखी दोन पळवाटा सांगून ठेवतो, कारण 'घातक' हा शब्द वाचून लोकांचा गैरसमज होतो. तेल-वायूच्या उत्खननातून निघणाऱ्या कचऱ्याला १९८० पासून घातक कचऱ्याच्या कायद्यातून वगळलेलं आहे, मग त्यात बेंझीन असो नाहीतर किरणोत्सारी रेडियम असो. म्हणून तो दुसऱ्या वर्गात जातो आणि त्याच्या नव्या विहिरीभोवती अनेकदा पाव मैलाचंच वर्तुळ तपासतात. आणि २००५ च्या ऊर्जा कायद्याने हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगला (दाबाच्या द्रवाने खडक फोडून तेल-वायू काढण्याला) या देखरेखीतून बाहेर काढलं, डिझेल वापरत असतील तेवढं सोडून. तेव्हा परवान्यावर 'घातक' लिहिलेलं नाही याचा अर्थ आत निरुपद्रवी आहे असा काढू नका.

सृजा | ६ मार्च, सायं. ६:०८

बाकीच्या देशांत काय करतात?

पाऊलखुणा | ६ मार्च, रात्री ८:५५

युरोपीय संघात भूजलात थेट प्रदूषक सोडायला मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. घन घातक कचरा मात्र तिथेही खोल ठेवतात, मिठाच्या खाणींत. जर्मनीत हेरफा-नॉयरोडे इथे १९७२ पासून तसा साठा आहे. मिठात पाणी नसतं आणि ते हळूहळू कचऱ्याभोवती मिटत जातं, म्हणून. फ्रान्समध्ये अल्सासच्या स्टोकामीन खाणीत १९९९ मध्ये सुरुवात केली आणि २००२ च्या सप्टेंबरात आत आग लागली. तेव्हापासून सुमारे ४२,००० टन कचरा खालीच अडकून आहे. बाहेर काढायचा की कायमचा बुजवायचा यावर वीस वर्षं वाद चालला, कारण वर ऱ्हाइन खोऱ्यातला प्रचंड मोठा जलधर आहे.

कातळ | ६ मार्च, रात्री ११:२०

निळाई, उशीर झाला, पण लिहिल्याशिवाय झोप आली नसती. क्रमाने करा.

राज्याच्या तेल-वायू खात्याचा जुन्या विहिरींचा नकाशा ऑनलाइन असतो. त्यात हा पाइप आहे का बघा. नसण्याचीच शक्यता जास्त. देशात सोडून दिलेल्या तेल-वायू विहिरी तीस लाखांहून जास्त असाव्यात असा ईपीएचा अंदाज आहे आणि जुन्या काळातल्या कितीतरी विहिरींची नोंदच नाही. तेव्हा बुजवायची म्हणजे ओंडके, दगड, जे हाताशी येईल ते कोंबायचे. अर्जदाराला 'माहीत असलेल्या' विहिरी द्यायच्या असतात. तुमचा पाइप आज कुणालाच माहीत नाही. तो माहीत करून द्या, एवढंच तुमच्या हातात आहे आणि ते फार मोठं आहे.

फोटो काढा, बाजूला मोजपट्टी धरून. व्यास मोजा. फोनवर अक्षांश-रेखांश घ्या. लेखी हरकतीत हे सगळं जोडा आणि तीन मागण्या करा : हा पाइप तपासावा, तपासणीचं वर्तुळ निदान ३ मैलांचं करावं, आणि वर्तुळ कसं ठरवलं त्याचं दाबाचं गणित जाहीर करावं. तोंडी बोलून सोडू नका. मुदतीत आलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्याला लेखी उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. पहिल्या वर्गाचा परवाना जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो. ही संधी गेली की पुढची दहा वर्षांनी.

आणि पाणी आत्ताच तपासून घ्या, काही बिघडायच्या आधी. खाजगी बोअरच्या पाण्याच्या तपासणीला हा कायदा लागू होत नाही. किमान १५ जोडण्या किंवा २५ माणसांना पाणी पुरवणारी योजना असेल तरच पाणी तपासणं कायद्याने बंधनकारक असतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून क्षार, क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम, सोडियम आणि बेंझीनसारखी उडून जाणारी रसायनं. नमुना कुणी घेतला, कुणाकडे दिला याची सहीनिशी नोंद ठेवा. आजचा आकडा हातात नसेल तर दहा वर्षांनी कुणीही म्हणेल की तुमचं पाणी पहिल्यापासून असंच होतं.

निळाई | १४ मार्च, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. पाइप नकाशावर नाही. बाहेरचा व्यास साडेआठ इंच भरला, म्हणजे पाण्याच्या बोअरचा नसावा असं कातळ यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं. हरकत पाठवली, पोच आली. जाहीर सुनावणीची मागणीही केली, त्यासाठी अठरा घरांच्या सह्या मिळाल्या. पाइपाभोवती यांनी तारेचं कुंपण घातलं.

पाण्याचा अहवाल आला. क्षार ४१२, क्लोराइड ३८, बेंझीन नाही. आज पाणी चांगलं आहे. तो कागद हातात घेऊन मी पंपघराच्या पायरीवर बराच वेळ बसून होते.

अनाहत | १४ मार्च, रात्री १०:०२

ताई, वाचून बरं वाटलं. सुनावणीत कचरा मुळात कमी कसा करणार हेही विचारा. घातक कचरा सोडणाऱ्या विहिरीच्या मालकाला, आपण कचरा शक्य तितका कमी करतोय आणि विहिरीत सोडणं हाच सर्वांत कमी धोक्याचा व्यवहार्य मार्ग आहे, असं प्रमाणित करावं लागतं. तो कागद दाखवा म्हणा.

निळाई | २९ एप्रिल, रात्री ११:१५

सुनावणी झाली. साठेक माणसं होती. कंपनीच्या तज्ज्ञाने नकाशा लावला, त्यावर २ मैलांचं वर्तुळ आणि आत जुन्या विहिरींचे नऊ ठिपके, सगळे हिरवे. मी माझा फोटो दाखवला आणि वर्तुळाबाहेर बोट ठेवलं. मागून एक वयस्कर गृहस्थ उठले. सावकाश चालत पुढे आले आणि म्हणाले की लहानपणी वडिलांबरोबर ते त्याच माळावर जात, तिथे ड्रिलिंगचे मनोरे होते. एक नव्हे, चार. त्यांनी खिशातून पेन काढून नकाशावर चार फुल्या मारल्या. त्यातली एक वर्तुळाच्या आत आली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

अनाहत, तुमचा प्रश्न विचारला. प्रमाणपत्र दाखवलं, एका पानाचं. दहा वर्षांत कचरा किती कमी झाला याचा आकडा त्यात नव्हता, लेखी द्यायचं कबूल केलंय.

निळाई | २ जून, रात्री ८:३०

राज्याकडून लेखी उत्तर आलं. नूतनीकरणाचा निर्णय पुढे ढकललाय. वर्तुळ ३ मैलांचं केलं असून चुंबकीय मोजणीने जुन्या विहिरी शोधायला कंपनीला सांगितलंय. गेल्या गुरुवारी दोन निरीक्षक घरी आले. वायूचं मापक लावून बघितलं, मग पाइपात तारेला बांधलेलं वजन सोडलं. १,१४० फुटांवर ते अडकलं. त्याखाली काय आहे ते यंत्र आणल्याशिवाय कळणार नाही म्हणाले. पाइपाला पिवळा पट्टा मारून नंबर दिला. इतकी वर्षं गवतात पडून असलेल्या त्या लोखंडाला आता सरकारी नोंदीत जागा आहे.

एक मदत हवी आहे. माहिती मागितल्यावर कारखान्याच्या विहिरीचे दहा वर्षांचे तिमाही अहवाल मिळाले. दाबाचे आकडे, चाळीस फायली, स्कॅन केलेल्या. खात्यातल्या बाईंना विचारलं की हे कोण वाचतं. त्या म्हणाल्या, पूर्वी तिघं होतो, आता मी एकटी आहे आणि माझ्याकडे दोनशेच्या वर विहिरी आहेत.

कातळ | २ जून, रात्री ९:०४

पाठवा. पोकळीचा दाब आणि नळीचा दाब हे दोन रकाने आधी काढू. ज्या दिवशी पोकळीचा दाब खाली आलाय ते दिवस वेगळे करायचे, मग त्यांची दुरुस्तीची नोंद आहे का बघायचं.

सृजा | २ जून, रात्री ९:३८

मी हिशेब तपासनीस आहे. विहिरींतलं काही कळत नाही, पण आकडे वाचता येतात. वीस फायली माझ्याकडे द्या.

पाऊलखुणा | २ जून, रात्री १०:११

दहा माझ्याकडे.

निळाई | ९ जून, रात्री १०:५०

चाळीस फायली चार जणांत वाटून झाल्या. माझ्या वाट्याच्या पाचव्या फाईलमध्ये पान ६ नंतर थेट पान ८ आहे. ७ वर मे महिन्याचे दाब असायला हवेत. ते पान आज लेखी मागवलं.